पाटणादेवीच्या जंगलात मुलांना चित्रं काढायला न्यायचं, तर…

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या शिक्षिका पाचवी-सहावीच्या चाळीस मुलांना एका दिवसासाठी पाटणादेवीला नेणार आहेत. सोबत कलाशिक्षक आहेत. मागच्या सहलीत मुलांनी पानं गोळा केली, शाळेत आल्यावर ती कार्डावर चिकटवली आणि आठवड्याभरात ती वाळून गळाली. या वेळी चित्रकला आणि निसर्ग दोन्ही खरोखर एकत्र यावेत असं त्यांना वाटतं. कुठल्या महिन्यात जावं, काय न्यावं, मुलांकडून काय करून घ्यावं?

ताई, सुरुवात त्या पानांपासूनच करू. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातली कोणतीही वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. पान नाही, शेंग नाही, पीस नाही, गारगोटीसुद्धा नाही. म्हणजे कार्डाचा कार्यक्रम कायद्यानेच बाद झाला, आणि मला विचाराल तर बरंच झालं. पान तोडून पिशवीत टाकलं की पोराचं त्या पानाकडे बघणं तिथेच थांबतं. पुढचं सगळं लक्ष डिंक, चमकी आणि कार्डाच्या कडेवर. हातात न्यायला काहीच मिळणार नाही हे कळलं की मग ते डोळ्यांनी न्यावं लागतं, आणि चित्र त्यासाठीच काढायचं. मुलांना निघण्यापूर्वी शाळेतच सांगून टाका: येताना फक्त कागद घेऊन यायचे.

महिना विचारलात. डिसेंबर ते फेब्रुवारी. श्रावणात धवलतीर्थाचा धबधबा बघायला सगळा तालुका लोटतो, पण ओल्या खडकावर चाळीस मुलं सांभाळायची की चित्रं काढायची, दोन्ही जमत नाही. मार्चनंतर खानदेशातलं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. हिवाळ्याचा आणखी एक फायदा आहे. आपलं जंगल पानगळीचं. पानं गेली की झाडाचा सांगाडा दिसतो, फांदी कुठून फुटते, कुठे वळते ते कळतं. हिरव्या गच्च झाडाचं चित्र मुलं ढगासारखा एक गोळा काढून उरकतात, निष्पर्ण झाडासमोर तशी सुटका नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्या कोणत्याही मुलाला वर्गात सांगा, निसर्गचित्र काढ. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, एक झोपडी आणि बाजूला नारळाचं झाड. चाळीसगावच्या पोराने नारळाच्या बागा कुठे पाहिल्यात? त्याच्या आजूबाजूला कापूस आहे, केळी आहे, बांधावर बाभळी-निंब आहेत. आणि डोंगर तर रोज शाळेच्या मैदानातून दिसतो. अजिंठ्याची ही रांग त्रिकोणी नाहीच. माथा सपाट, कडा सरळ तुटलेला, मध्ये पायऱ्या पायऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, कठीण थराचा कडा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला, त्यातून हा आकार आला. भूगोलाच्या पुस्तकात हे असतं, पण चित्राच्या वहीत डोंगर त्रिकोणीच राहतो. मुलं न बघता, ठरलेलं चित्र काढतात. तुमच्या सहलीचं सगळं काम या एका सवयीशी आहे असं समजा.

म्हणून बसमधून उतरल्यावर पहिलं काम डोंगराचं. पाटणादेवीच्या देवळाच्या अलीकडे मोकळी जागा बघून मुलांना दक्षिणेकडे तोंड करून बसवा. इथला कडा उत्तराभिमुख आहे, त्यामुळे हिवाळ्यात बराच वेळ तो सावलीत असतो आणि त्याची बाह्यरेषा आकाशावर स्वच्छ उमटते. नवशिक्यांना याहून सोपा प्रकाश मिळायचा नाही. आता नियम एकच: पेन्सिल कागदावर टेकवायची, नजर डोंगराच्या डाव्या टोकावर ठेवायची आणि डोळा जसा सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. कागदाकडे बघायचंच नाही. रेषा वेडीवाकडी येते, एकमेकांवर चढते, कागदाबाहेर जाते. मुलं खदखदून हसतात. हसू द्या. दहा-अकराव्या वर्षी "मला चित्रकला येत नाही" हा समज मुलांमध्ये पक्का व्हायला लागतो, आणि या खेळात सगळ्यांचंच चित्र बिघडत असल्यामुळे तो समज थोडा सैल पडतो. मग दुसऱ्या कागदावर, या वेळी बघून, तोच डोंगर. एखादं पोर हमखास ओरडतं, "सर, हाऊ डोंगर तं सपाट शे!" तिथे थांबा. "सपाट का असेल?" एवढंच विचारा आणि लाव्हाची गोष्ट तेव्हा सांगा. तिथे सांगितलेली ती त्यांच्या लक्षात राहते.

कलाशिक्षकांना एक विनंती. मुलांच्या कागदावर पेन्सिल लावून रेषा सुधारून देऊ नका. आणि "छान" हा शब्द त्या दिवशी घरी ठेवून या. मूल कागद दाखवायला आलं की "हे कुठे बघितलंस, मला दाखव" म्हणा. ते बोट दाखवेल, तुम्ही दोघं मिळून बघाल, आणि बरेचदा मूल स्वतःच "थांबा, इथे अजून एक खाच आहे" म्हणत परत जाऊन बसतं. तुम्ही दोघा शिक्षकांनीही आपापला कागद घेऊन काढायला बसलं पाहिजे. मोठी माणसं हातात शिट्टी घेऊन उभी राहिली की मुलांना परीक्षा वाटते.

चाळीस मुलांना एकत्र हिंडवू नका. दहा-दहाचे चार गट आणि प्रत्येकासोबत एक मोठं माणूस. दोन शिक्षक पुरणार नाहीत, दोन पालक घ्या. शक्य झालं तर परिसरातला एखादा गुराखी किंवा वनमजूर सोबत मागून घ्या. त्याला झाडांची जी नावं येतात ती आपल्याला पुस्तकात सापडत नाहीत, आणि मुलं चित्राखाली तीच नावं लिहू देत. घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलाला जंगलातल्या कितीतरी गोष्टींची नावं आधीच ठाऊक असतात, फक्त ती वर्गात कोणी विचारलेली नसतात.

डोंगरानंतर झाडांच्या साली. हा कार्यक्रम मला सगळ्यात आवडतो, कारण साहित्य नगण्य आणि हाती लागतं भरपूर. पातळ कागद खोडावर धरायचा आणि मेणखडू आडवा करून हलक्या हाताने घासायचा. कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ सगळ्यांनी केलेला असतो, तोच हा. झाडाला काही इजा होत नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, तिचा ठसा ठळक येतो. सालईची साल कागदी पापुद्र्यांनी सुटते. ते पापुद्रे ओढायचे नाहीत, हे आधी बजावा. अर्जुनसादडा गुळगुळीत, त्याचा ठसा जवळजवळ कोराच. आणि कांडोळ दिसला तर तिथे थोडा वेळ काढा. पांढरट-गुलाबी चकचकीत खोड, चांदण्या रात्री उठून दिसतं म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. त्याचा ठसा घेऊन उपयोग नाही, तो रंगवायलाच हवा. "खोड चॉकलेटी" हा चित्राच्या वहीतला दुसरा नियम या एका झाडासमोर मोडतो.

ठसे जमले की गटागटाने अदलाबदल करा आणि दुसऱ्या गटाने ठशावरून झाड शोधून काढायचं. यात हात, डोळा, डोकं सगळं लागतं आणि कोणाचं चित्र चांगलं कोणाचं वाईट हा प्रश्नच उरत नाही.

रंगांचं काम जरा तयारीने करावं लागतं. रंगाच्या दुकानातून भिंतींच्या रंगांची शेड कार्डं मागून आणा. जुनी कार्डं दुकानदार सहसा तशीच देतात. त्यातल्या पट्ट्या कापून प्रत्येक मुलाला हिरव्याच्या, पिवळ्याच्या, तपकिरीच्या पाच-सहा द्या आणि सांगा, ही छटा जंगलात कुठे आहे ते शोध. हात लावायचा नाही, पट्टी जवळ धरून बघायची. जानेवारीत पाटणादेवीचं जंगल हिरवं नसतंच फारसं. वाळलेल्या गवताचा पिवळा, सागाच्या वाळक्या पानाचा तांबूस, शेवाळाचा काळपट हिरवा, दगडावरच्या दगडफुलाचा राखाडी. तेलखडूच्या डबीतला हिरवा त्यांना कुठेच सापडत नाही. मग तो हवा तसा कसा बनवायचा ते दाखवा: पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, आणि त्यात लालचा एक थेंब टाकला की त्याचा भडकपणा मरतो आणि जंगलातला हिरवा मिळतो. एखाद्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही असं दिसलं तर चारचौघांत बोलू नका. त्याला ठशांच्या किंवा आवाजाच्या कामावर घ्या आणि नंतर पालकांच्या कानावर घाला.

जंगलात जायच्या आठवडाभर आधी शाळेतच रंग स्वतः बनवून बघितले तर सोन्याहून पिवळं. गेरू, हळद, पांढरी माती, दिव्याची काजळी. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि त्यात पूड खलायची. डिंक कमी पडला तर रंग वाळल्यावर बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. प्रमाण मुलांनाच शोधू द्या. हळदीत चिमूटभर खायचा चुना टाकला की ती लाल होते, हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की मूल कधी विसरत नाही (चुन्याला हात मोठ्यांनीच लावायचा). सहल फाल्गुनात असेल तर पळसाची फुलं आपल्या शेताच्या बांधावरून वेचून आणा, अभयारण्यातून नाही. पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग सुटतो. होळीला आजी-आजोबांनी तो केलेला असतो, त्यांना शाळेत बोलवा.

इथे अजिंठ्याचा विषय आपोआप निघतो. ती लेणी याच डोंगररांगेत आहेत, आणि त्यांच्या पायाशी वाहणारी वाघूर पुढे खानदेशात येऊन तापीला मिळते. तिथल्या चित्रकारांनी तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, चुना, काजळी वापरली. निळा तेवढा लाजवर्द खड्याचा, तो बाहेरून यायचा. भिंतीवर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. पाचव्या शतकातली ती चित्रं आज दिसतात, कारण गेरू म्हणजे लोखंडाचं खनिज, उन्हाने त्याचं काही बिघडत नाही. हळद आणि पळस उडून जातात. हे सांगू नका, मुलांना करून बघू द्या. एका कागदावर गेरू, हळद आणि पळसाचे पट्टे ओढा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि खिडकीत उन्हाला लावा. पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढा.

मातीकामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. पोळ्याचे बैल करणाऱ्या मुलांना शिकवायचं काही नाही. आपली काळी माती वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून तिच्यात थोडी बारीक वाळू आणि राख मिसळायची एवढंच. हे काम शाळेत करा, जंगलात नको.

दुपारच्या डब्यानंतर मुलं सुस्तावतात. त्या वेळी आवाजाचा नकाशा. प्रत्येक मूल एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर, मोठ्यांच्या नजरेत बसतं. कागदाच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. दहा मिनिटं गप्प बसायचं. आवाज ज्या दिशेने आला तिथे एक खूण करायची, लांबून आला तर फुलीपासून लांब. पक्ष्याचं चित्र काढायचं नाही, आवाजासारखी रेष काढायची: तांबटाची टुकटुक म्हणजे ठिपके, वाऱ्याने गवत सळसळलं तर बारीक रेघोट्या. देवळाची घंटा आणि दूरच्या मोटारसायकलचा आवाजही मांडायचा, तोही त्या जागेचाच आहे. दहा मिनिटं मुलं गप्प बसणार नाहीत असं तुम्हाला वाटत असेल. हातात काम दिलं की बसतात.

वेळ उरला तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती आपल्या खानदेशची आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८७३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो कोणाला सापडेना. पुढे रिचर्ड मायनर्टझागन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला एक मिळवल्याचा दावा केला, आणि लोक तिथे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले तेव्हा कळलं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावलेला. ती नोंद बाजूला ठेवून त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत जुन्या खऱ्या जागा धुंडाळायला निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

ही गोष्ट चित्रासाठी का महत्त्वाची, तर रानपिंगळा आणि आपल्या गावातल्या चिंचेवर बसणारा साधा ठिपकेवाला पिंगळा यांतला फरक बारकाव्यांचाच आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. रानपिंगळ्याच्या शेपटीवर आणि पंखावर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. दोघांचे फोटो छापून न्या, शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना दोन्ही काढायला सांगा. नावं सांगू नका, फरक त्यांनाच शोधू द्या. मात्र पाटणादेवीला रानपिंगळा दिसेल असं आश्वासन चुकूनही देऊ नका. त्याचा मुलूख सातपुड्याकडचा, तोरणमाळ-यावलच्या बाजूचा.

धोक्यांबद्दल थोडं, पण स्पष्ट. या डोंगरांत बिबट्या आहे, म्हणून तीनच्या सुमारास आवरून चारच्या आत बस सुटली पाहिजे. पण दिवसा, गटात, खरा धोका बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाचा. ही पोळी कड्यांना लटकलेली असतात. त्या दिवशी कोणी अत्तर-स्प्रे मारून येऊ नये, धूर करू नये, कड्याखाली आरडाओरडा नको. दगड हाताने उलटायचे नाहीत, फुरसं हा विषारी साप तिथेच असतो. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळून लोंबतात. चित्र काढायला सुंदर दिसतात, पण नुसत्या हवेने त्यांची कुसं अंगावर येतात, म्हणून लांबूनच. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बिब्याचं फळ ओळखणारं मोठं माणूस गटात असू द्या. त्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी उतते. पूर्ण बाह्या आणि बूट सगळ्यांना सक्तीचे.

साहित्याची मोठी यादी करू नका, नाहीतर अर्धा दिवस वाटण्यात जातो. परीक्षेचा पॅड, त्याला दोरी बांधून गळ्यात अडकवलेली पेन्सिल, अर्ध्या आकाराचे दहा कोरे कागद, एक मेणखडू, शेडच्या पट्ट्या. जलरंग गटाला एक पेटी पुरे. रंगाचं पाणी डब्यात ठेवायचं आणि झाकण लावून परत आणायचं, ओढ्यात ओतायचं नाही. खोडरबर मुद्दाम देऊ नका. मुलं कुरकुरतील. पण रबर असलं की अर्धा वेळ पुसण्यात जातो, आणि पहिली चुकलेली रेषाच नंतर सांगते की मुलाने आधी काय गृहीत धरलं होतं.

शाळेत परत आल्यावर क्रमांक काढू नका. पहिला-दुसरा-तिसरा जाहीर झाला की पुढच्या वेळी सगळी मुलं पहिल्या आलेल्याची नक्कल करतात आणि आपण परत त्रिकोणी डोंगराशी येतो. प्रदर्शन लावायचं तर प्रत्येक मुलाचे दोन कागद शेजारी लावा: जायच्या आधी वर्गात काढलेलं निसर्गचित्र आणि तिथे काढलेला डोंगर. म्हणजे पहिला कागद सहलीच्या आदल्या दिवशी काढून घ्यायला विसरू नका. पालकांना समजावून सांगायची गरजच पडत नाही.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. मुलांची संख्या, तारीख, वेळ, सोबतच्या मोठ्यांची नावं, आणि "चित्रकला व निरीक्षण, कोणतीही वस्तू गोळा करणार नाही" हे वाक्य त्यात असू द्या. निदान तीन आठवडे आधी. रविवार आणि देवीच्या यात्रेचे दिवस टाळा, मधल्या वारी जा.